अर्ध्या भरलेल्या गिअर बॅगेला घरी कॉम्प्रेशन स्ट्रॅप (बॅग आवळायचे पट्टे) लावायचे आहेत, पट्टे नेमके कुठे शिवू?

पाठपिशवी

नळकांड्यासारखी डफल बॅग आहे. लांबी ६० सेंमी, व्यास ३० सेंमी, म्हणजे साधारण ४२ लिटर. कापड ६०० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर, आतून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, वेगळं अस्तर नाही. वर मधोमध लांब चेन. दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर असं सगळं भरलं की बॅग गच्च बसते, काही तक्रार नाही. अर्धंच सामान असलं की जड वस्तू एका टोकाला गोळा होतात, बॅग मधे मोडते आणि उचलताना सगळा ताण चेनवर येतो.

हाताशी आहे ते असं: २५ मिमी रुंदीची नायलॉनची नवार ५ मीटर, त्याच मापाची साइड रिलीज (कडेचे चिमटे दाबून उघडणारी) बकलं ४ जोड्या (एक बाजू पक्की, एक बाजू कमी-जास्त करता येणारी), झिगझॅग असलेलं घरगुती शिलाई मशीन.

विचार असा की चेनच्या दोन्ही बाजूंना १०-१० सेंमीवर पट्ट्याची टोकं शिवायची आणि मधे बकल. असे तीन पट्टे. शंका तीन आहेत. कापड फाटेल का? पट्टा किती लांब कापू? आतून ठिगळ लावावं लागेल का?

टीप_मारा

कापड फाटेल का, याच्या आधीचा प्रश्न म्हणजे तुमचा पट्टा आवळला जाईल का. १०-१० सेंमीवर टोकं शिवलीत तर जाणार नाही. हिशेब करून पाहा.

३० सेंमी व्यास म्हणजे घेर ९४ सेंमी. लांबी तेवढीच ठेवून आतलं सामान निम्मं झालं, तर व्यास निम्मा होत नाही, २१ सेंमीच्या आसपास येतो आणि घेर ६६-६७. म्हणजे पट्ट्याने २७-२८ सेंमी कापड खेचून घ्यायला हवं. तुमच्या दोन टोकांत अंतर २० सेंमी. त्यातले सहा-साडेसहा सेंमी बंद बकलच खातं. बकलची पक्की बाजू टाक्यापासून निदान ५ सेंमी दूर ठेवावी लागते, नाहीतर बोटं आत जात नाहीत. उरले साडेआठ. पट्टा पूर्ण ओढला तरी साडेआठ सेंमीच आवळणार, बॅग ढिलीच राहणार, आणि तुम्ही आणखी जोर लावाल तो थेट टाक्यांवर.

उलट गणित मांडा: आवळायचे २८ + बकल ६.५ + पक्की बाजू ५ = साधारण ४० सेंमी. दोन टोकांत एवढं अंतर पाहिजेच. नळकांड्याच्या बॅगेत ते दोन्ही कुशींच्या मध्यावर येतं. हिशेब ढोबळ आहे, कारण आवळलेली बॅग गोल राहत नाही, चपटी होते. पण अंदाजाला पुरतो.

आता फाटण्याचं. कोऱ्या कापडाच्या मधोमध शिवलेला पट्टा हा नेहमी कच्चा दुवा असतो, मग टाका कितीही पक्का घाला. ओढ एका बोटभर जागेवर येते, तिथून कापडाला सुरकुत्या फुटतात आणि टाक्यांची पहिली ओळ भोकं लांबवायला लागते. ओढ कुठेतरी दुसऱ्या नवारीवर किंवा बॅगेच्या मूळ शिवणीवर जाऊन संपली पाहिजे. डफलमध्ये ही सोय बहुतेक वेळा तयारच असते: हँडलची नवार बॅगेच्या पोटाखालून फिरून दोन्ही कुशींवरून वर येते. तुमच्या बॅगेत तशी आहे का? असल्यास ती कापडाला शिवलेली कुठपर्यंत आहे आणि कुठे सुटून हँडल होते, ते चेनपासून मोजून सांगा.

तिसरा पट्टा बहुधा लागणार नाही.

उलटी_शिवण

वरच्याला +१. शिलाईबद्दल माझ्याकडून.

दोरा: सुती अजिबात नको. ओल आणि घर्षण दोन्हींत तो आधी जातो. पॉलिएस्टर किंवा बाँडेड नायलॉन घ्या. घरगुती मशीनला टेक्स (दोऱ्याच्या जाडीचं माप) ४० ते ४५ चा दोरा निमूट चालतो, टेक्स ७० बहुतेक मशीनची हद्द असते. वर आणि बॉबिनला एकच दोरा. वर जाड, खाली बारीक असं केलं की ताण जुळत नाही आणि खालच्या अंगाला फासे दिसतात.

सुई: १०० किंवा ११० नंबर (डब्यावर १६ किंवा १८ असंही लिहिलेलं असतं), नवी कोरी. नवार, कापड, ठिगळ अशा थरांत बारीक सुई वाकते, वाकली की टाके सुटतात आणि शेवटी खालच्या पत्र्यावर आपटून मोडते. कोटिंगचं कापड सुईला चिकटून वर उचललं जातं, त्यानेही टाका सुटतो. मोटर हळू चालवा. जाड जागी पायडल सोडून हाताने चाक फिरवा, त्यात कमीपणा नाही.

टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिमी. इथे बहुतेकांची चूक होते: बळकट व्हावं म्हणून टाका बारीक करतात. कोटेड कापडात सुईचं भोक बुजत नाही. २ मिमीच्या अंतराने भोकं पाडलीत की तुम्ही फाडायच्या तिकिटाची रेघ तयार केलीत. नवारीचं तसं नसतं. तिच्यात सुई धाग्यांना बाजूला सारून जाते, त्यामुळे नवारीवर नवार शिवताना दाट टाका चालतो.

म्हणून दोन वेगळ्या जागी दोन वेगळ्या टिपा:

कापडावर शिवायचं तर चौकट आणि आत फुली. २५ मिमीच्या नवारीला चौकट साधारण २० × ३५ मिमी, कडेपासून अडीच मिमी आत. ओढ जास्त जागेवर पसरते.

नवारीवर नवार असेल तर बारटॅक. झिगझॅगची रुंदी ३ मिमी, लांबी ०.४ ते ०.५, नवारीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी दाट पट्टी. सुरुवातीला आणि शेवटी चार-चार टाके उलटे. हीच दाट पट्टी नुसत्या कापडावर मारलीत तर तिच्या कडेनेच कापड कापलं जाईल.

ठिगळ: हो, लावाच. आतून ६०० डेनिअर किंवा त्याहून जाड, न ताणणारं कापड, नवारीपेक्षा चारही बाजूंनी दीड सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेले. टोकदार कोपऱ्यापाशी ताण गोळा होतो आणि ठिगळ तिथूनच उचकटतं.

टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणीचं भोक कायमचं. कागद धरायच्या क्लिपा लावा, किंवा ६ मिमीची दुहेरी चिकटपट्टी, पण ती टाक्याच्या रेघेवर येऊ देऊ नका, सुई चिकट होते.

पाठपिशवी

धन्यवाद, २० सेंमीचं गणित डोक्यातच आलं नव्हतं.

हँडलची नवार पोटाखालून फिरते, दोन ठिकाणी, टोकांपासून १५-१५ सेंमीवर. ती ३८ मिमी रुंद आहे. दोन्ही कडांना लांबच लांब टीप आहे. चेनपासून २२ सेंमी खाली ती कापडापासून सुटते आणि हँडल होते. सुटते तिथे चौकट-फुली आहे. आतून ठिगळ नाही.

टीप_मारा

उत्तम. २२ अधिक २२ म्हणजे ४४ सेंमी, हवं होतं त्याहून चार जास्त. आणि नवार पोटाखालून अखंड आहे, म्हणजे पट्टा आवळला की ओढ बॅगेभोवती फिरून स्वतःलाच येऊन मिळते. कापडाने फक्त सामान धरायचं.

करायचं असं. हँडल सुटतं तिथली चौकट-फुली उसवा. दोन्ही कडांच्या टिपाही वरून ५ सेंमी खालपर्यंत उसवा. उसवताना उसवणीची टोकदार सुई नवारीच्या बाजूने घाला, कापडाच्या बाजूने नको. दोऱ्याचे तुकडे चिमट्याने वेचून काढा. आता हँडलची नवार कापडापासून वर उचलता येईल. तिच्याखाली नव्या पट्ट्याचं टोक ४ सेंमी आत सारायचं, बरोबर मध्यावर, आतून ठिगळ ठेवायचं आणि सगळे थर एकत्र शिवायचे. खालून वर थर असे येतील: ठिगळ, बॅगेचं कापड, २५ ची नवार, ३८ ची नवार.

टोक वरून चिकटवण्यापेक्षा खाली का? वर शिवलेला पट्टा उभा ओढला गेला की टाके एकेक करून सोलल्यासारखे निघतात. दोन थरांत दाबलेल्या टोकाला सोलून निघायला जागाच नसते.

नवी चौकट जुन्या भोकांच्या रेघेवर किंवा तिच्या अगदी शेजारी मारू नका. २ मिमी आत घ्या. ३८ मिमीच्या नवारीत तेवढी जागा आहे. चौकट-फुली झाली की वरच्या काठाशी, जिथे पट्टा आणि हँडल दोन्ही बाहेर पडतात, तिथे एक बारटॅक. तो २५ च्या नवारीच्या रुंदीपुरताच, त्याच्या पलीकडे नको, कारण पलीकडे खाली नुसतं कापड आहे. उसवलेल्या कडांच्या टिपा शेवटी पुन्हा मारा.

कापायचं माप, एका पट्ट्याचं:

लांब तुकडा ६० सेंमी. त्यात हँडलखाली ४, कुशीवरून बकलपर्यंत ३२.५ (४४ वजा बकल ६.५, वजा पक्की बाजू ५), बॅग पूर्ण भरलेली असताना धरायला शेपूट (बकलमधून बाहेर येणारं मोकळं टोक) १५, टोक दोनदा दुमडायला ४. उरलेले साडेचार बकलच्या दांड्यांवरून फिरण्यात आणि मापाच्या चुकांत जातात.

आखूड तुकडा १३ सेंमी. हँडलखाली ४, दिसणारे ५, बकलच्या पक्क्या दांडीवरून मागे दुमडलेले साडेतीन, अर्धा सेंमी दांडीचा. हा दुमड आधी शिवून घ्या आणि मगच बॅगेला लावा. बॅगेवर चढवल्यावर बकल मशीनच्या पायाला अडतं आणि मग शिव्या सुचतात.

दोन पट्ट्यांना मिळून दीड मीटरही लागणार नाही.

लांब तुकडे दोन्ही पट्ट्यांत एकाच कुशीला ठेवा. या बकलमध्ये शेपूट जिथून पट्टा आला त्याच दिशेला परत जातं, म्हणजे आवळताना तुम्ही लांब तुकड्याच्या कुशीकडे ओढणार. दोन्ही एका बाजूला असले की पलीकडून गुडघा टेकवून एकामागून एक आवळता येतात. एक इकडे, एक तिकडे असलं की बॅग फिरवत बसावं लागतं. शिवाय असं केलं की बकल चेनवर न येता आखूड बाजूच्या कुशीला राहतं. ते चेनवर येऊन बसलं तर आवळल्यावर तिचे दात त्याच जागी दबतात.

दोरखंड

मला एवढी उसवाउसवी पटत नाही. चांगली शिवण उसवून पुन्हा घरगुती मशीनवर शिवायची, त्यापेक्षा बॅगेला हातच लावू नका. १२० सेंमीचा एकेक सुटा पट्टा करा. एका टोकाला बकलची पक्की बाजू शिवा, दुसरं टोक कमी-जास्त होणाऱ्या बाजूतून घ्या, आणि हा पट्टा अख्ख्या बॅगेभोवती गुंडाळा. ९४ चा घेर, त्यात बकल, शेपूट, दुमड सगळं बसतं. बॅगेवर एकही नवं भोक नाही. पट्टा झिजला तर बदलायचा. दुसऱ्या बॅगेलाही चालतो.

पट्टा सरकू नये एवढ्यासाठी धरून ठेवणारं काहीतरी लागतं, ते तुमच्याकडे आहेच. पोटाखालच्या ३८ मिमीच्या नवारीच्या दोन्ही कडांच्या टिपा ३ सेंमी उसवा, ती नवार तिथे पुलासारखी उघडी राहील. त्यातून पट्टा ओवा. उसवलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना बारटॅक. ओढ त्या पुलावर येत नाही, त्याचं काम फक्त पट्टा जागेवर ठेवणं.

कापड २१० डेनिअर किंवा त्याहून पातळ असेल तर मी शिवायचा विचारच करणार नाही, सुटा पट्टाच.

टीप_मारा

दोरखंड, ओवायचं कसं? ३८ ची नवार बॅगेच्या घेराच्या दिशेनेच धावते आणि तुमचा पट्टाही त्याच दिशेने. तिच्या कडा उसवल्यात तर बोगदा लांबीच्या दिशेने उघडतो, म्हणजे पट्टा त्यातून आडवा जाईल, घेराने नाही. घेराने ओवायचं तर आडवी पट्टी वेगळी शिवावी लागेल, आणि मग भोकं आलीच.

सुट्या पट्ट्याची कल्पना वाईट नाही. पण तो पोटाखालून जातो, बॅग जमिनीवर ठेवली की तोच घासतो, ओढून नेली की खडे त्याच्यात रुततात. आणि सामान काढायला पूर्ण सोडला की हमखास कुठेतरी राहून जातो.

दोरखंड

बरोबर, दिशा चुकली माझी. आडवे लूप वेगळे लागतील. १५ मिमीच्या ग्रोसग्रेन (आडव्या रेघांच्या जाड) फितीचे, ७ सेंमी लांब, दोन्ही टोकं एक-एक सेंमी दुमडून शिवायची, मधे ३ सेंमी मोकळे. एका पट्ट्याला पोटाखाली एक आणि कुशींना एकेक असे तीन. ओढ नसल्यामुळे त्यांना ठिगळ नको. 

झिजण्याचं मान्य. सुटा पट्टा पातळ कापडाला आणि ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांना. पाठपिशवींच्या ६०० डेनिअरला तुमचीच पद्धत टिकाऊ.

पाठपिशवी

कापण्याआधी बकल तपासावं म्हणून नवारीचा तुकडा ओवून ओढून पाहिला. पहिल्यांदा धरतं, पण ओढ धरून हलवलं की हळूहळू सरकतं. ४ पैकी दोन बकलांत सरकतं, दोन ठीक. नवार एकच. बकल बदलू की नवार?

उलटी_शिवण

बदलायच्या आधी ओवलंय कसं ते पाहा. चारपैकी दोनच सरकतात म्हणजे पहिला संशय ओवण्यावर.

कमी-जास्त होणाऱ्या बाजूला दोन खाचा असतात, मधे एक दांडी. पट्टा खालून येतो, आधी *लांबच्या* खाचेतून (बकलच्या चिमट्याजवळची) वर निघतो, मधल्या दांडीवरून वळतो आणि जवळच्या खाचेतून पुन्हा खाली जातो. शेपूट आता ओढ असलेल्या थराच्या वर, त्याला चिकटून असायला हवं. ओढ वाढली की खालचा थर ताठ होऊन शेपटाला काठाच्या दांडीवर दाबतो. जितका ताण, तितकी पकड. उलटं ओवलं की हे दाबणं होत नाही, फक्त दांडीवरचं घर्षण उरतं आणि ते हलवल्यावर सुटतं. बकल डोळ्यांसमोर आडवं धरून कडेने पाहा, दोन थर एकमेकांवर बसलेले दिसले पाहिजेत.

ओवण बरोबर असूनही सरकत असेल तर नवारीची जाडी पाहा. या बकलांना साधारण दीड मिमी जाडीची, अंगावर रेघा जाणवणारी नवार मानवते. एक मिमीची गुळगुळीत, चकचकीत नवार दांडीच्या दातांत रुततच नाही. रुंदीही मोजा. २५ म्हणून मिळालेली नवार कधी २३ भरते, ती खाचेत आडवी सरकून एका कडेला गोळा होते आणि निम्मी पकड जाते.

तिसरं कारण म्हणजे शेपटाचा कोन. शेपूट वर, बॅगेपासून दूर ओढलं की बकलचा काठ उचलला जातो आणि तोच ते सैल करायचा मार्ग आहे. आवळताना शेपूट बॅगेला समांतर ओढा. तुम्ही हातात धरून हलवलंत तेव्हा हेच झालं असण्याची शक्यता आहे. बॅगेवर बसल्यावर तो कोन येत नाही.

तरीही नाहीच जमलं तर शेपटावर एक ट्रायग्लाइड (तीन दांड्यांची सपाट कडी) ओवून ते बकलला भिडवा. आवळताना दर वेळी ते सरकवावं लागतं, म्हणून हा शेवटचा उपाय.

पाठपिशवी

एका बकलमध्ये उलटंच ओवलं होतं. दुसरं नीट ओवूनही सरकतं, त्याच्या दांडीचे दात बोटाला लागतच नाहीत, गुळगुळीत आहे. चारपैकी तीन चालणारी, लागणार दोनच. ते बाजूला ठेवतो.

आता दोन उपप्रश्न. टोकं जाळायची की नाही? आणि अर्ध्या भरलेल्या बॅगेत शेपूट फार लोंबेल का?

टीप_मारा

लोंबेल. १५ सेंमीचं शेपूट निम्म्या सामानावर १५ + २७ म्हणजे ४२ होतं. जिन्यात पायात येणार, गाडीच्या दारात अडकणार. त्यासाठी २५ मिमी रुंद इलॅस्टिकचा साडेसहा सेंमी तुकडा घ्या, एक सेंमी एकावर एक ठेवून झिगझॅगने कडी शिवा आणि ती पट्ट्यावर ओवून ठेवा. शेपटाची गुंडाळी करून त्यात कोंबायची. कडी पट्टा शिवायच्या *आधी* ओवायची, शेपूट दुमडल्यावर आणि दुसरं टोक बॅगेत गेल्यावर ती आत घालता येत नाही. हे विसरलं जातंच.

लांब तुकडाच आखूड कापावा असं वाटेल. कापू नका, मग बॅग पूर्ण भरल्यावर बकल लागणार नाही.

शेपटाचं टोक दोन-दोन सेंमी दोनदा दुमडून शिवा. नवारीचे तीन थर झाले की ते बकलच्या खाचेतून निसटत नाही. एकदाच दुमडलं तर जोरात सैल करताना कधी तरी निघतं. पण हेही लक्षात ठेवा की दुमडलेलं टोक पुन्हा ओवता येत नाही. आधी ओवायचं, मग दुमडायचं, मग शिवायचं.

उलटी_शिवण

टोकं जाळण्याबद्दल: नायलॉन असो, पॉलिएस्टर असो की पॉलिप्रॉपिलीन, कापल्यावर धागे सुटतातच, म्हणून वितळवून बंद करायची. पण ज्योतीत धरू नका, ज्योतीच्या कडेला, टोकापासून अर्धा सेंमी दूर. ज्योतीत धरलं की पेट घेतं, काळं होतं आणि वितळलेला थेंब बोटावर पडला की चिकटून भाजतो. पॉलिप्रॉपिलीन तर १६५ अंशांच्या आसपासच वितळतं, नायलॉनच्या बरंच आधी. ज्योत दिसेपर्यंत ते आक्रसलेलं असतं.

दोन्ही कडांना वितळून मणी तयार होतात. त्यांना तसंच कडक होऊ दिलं तर टोक २५ चं २७ होतं आणि खाचेत जात नाही. गरम असतानाच धातूच्या पट्टीने सपाट दाबा. टोक हँडलखाली जाणार असेल तर मणी आणखी वाईट, मशीनची सुई त्याच्यावर आदळून मोडते. टोकापासून ४ मिमी सोडूनच टीप मारा.

आणखी एक: चार थरांवर चढताना मशीनचा पाय पुढून वर, मागून खाली असा तिरका होतो आणि टाके आखूड पडू लागतात. नवारीचा तुकडा दुहेरी दुमडून पायाच्या मागच्या बाजूखाली ठेवा, पाय सपाट राहील. कोटिंगची बाजू वर येत असेल तर पाय तिला चिकटतो. मधे पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा, मग फाडून काढा. गोल बॅग मशीनखाली बसत नसेल तर चेन पूर्ण उघडून ती उलटी करा, आतलं बाहेर. कुशीचा भाग सपाट मिळतो, पण मग वरून दिसणारी बाजू खाली जाते. त्या बाजूला बॉबिनचा टाका येतो, म्हणून आधी चिंधीवर ताण जुळवून घ्या.

मशीनने हात टेकले तर आरी आणि दोन सुया. ४ मिमीवर भोकं, मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा शिवणीच्या साधारण चौपट लांब, दोन्ही सुया एकाच भोकातून आरपार. तो टाका मशीनच्या टाक्यापेक्षा बरा, कारण एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. वेळ मात्र एका टोकाला अर्धा तास धरा.

दोरखंड

पाण्याचं कोणी बोललं नाही. नव्या टाक्यांच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येणार, नवार तर वातीसारखं ओढून आणते. सगळं शिवून झाल्यावर आतून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा लेप) लावा. ठिगळाच्या कडेने आणि टाक्यांवरून पातळ थर, वाळल्यावर दुसरा.

सीलर कोटिंगच्या जातीचाच हवा. पीयूवर पॉलियुरेथेनचा, सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनचा. उलटं केलं तर वाळतो, पण नखाने सोलता येतो. तुमच्या बॅगेवर पीयू आहे म्हणता, तरी खात्री करायची तर आतल्या बाजूला साधी चिकटपट्टी दाबून पाहा. पीयूवर ती चिकटते, सिलिकॉनवर धरत नाही.

लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसून वाळू द्या. पूर्ण वाळेपर्यंत बॅग घडी घालून ठेवू नका, आतलं आतल्याला चिकटेल.

आणि नायलॉन ओलं झालं की थोडं ताणतं. पावसात आवळलेला पट्टा तासाभराने सैल वाटला तर शिवणीवर संशय घेऊ नका, पुन्हा ओढा. पॉलिएस्टरच्या नवारीत हा त्रास बराच कमी.

पाठपिशवी

उद्या एकाच पट्ट्याला हात घालतो. पहिलं टोक शिवून झाल्यावर ते टिकेल की नाही हे कसं तपासू?

टीप_मारा

सामान तोलायचा हुकाचा काटा पट्ट्याला अडकवा, बॅगेची कुस दुसऱ्याने धरायची, आणि ज्या दिशेने पट्टा प्रत्यक्षात ओढला जाणार त्या दिशेने, म्हणजे बॅगेला समांतर, १५ किलोपर्यंत हळूहळू ओढा. मिनिटभर धरा. सोडा आणि आतून ठिगळाकडे पाहा. टाक्याची भोकं गोल असली तर ठीक. थेंबासारखी लांबट झाली असतील, किंवा ठिगळाच्या वरच्या काठाला कापड तडकल्यासारखं पांढुरकं दिसलं, तर ठिगळ लहान पडतंय. ते वरच्या दिशेने दोन सेंमी वाढवा, टाका बदलू नका.

वापरताना क्रम असा: आधी पट्टे सैल, मग चेन लावा, मग पट्टे आवळा, जिकडे जड सामान आहे तिकडचा आधी. उघडताना आधी दोन्ही पट्टे सोडायचे. आवळलेल्या पट्ट्याखाली चेन ओढली की सरकणारा खटका वाकतो आणि मागे दात उघडे राहतात. आणि हा पट्टा धरून बॅग उचलायची नाही. तो वर, बॅगेपासून दूर ओढला जातो आणि उलटी_शिवण यांनी सांगितलं तसं बकल सैल होतं.